जुन्या पिकअपला चाके शोधताना



कोकणातल्या एका वाचक बंधूंचे पत्र आले आहे. घरी आजोबांच्या वेळची जीप पिकअप आहे. हंगामात आंब्याच्या पेट्या, लग्नकार्यात भांडी-शामियाना आणि पुढच्या बाकावर घरची माणसे, अशी ती अजून राबते. आता रिमा गंजल्या आहेत, नटांची भोके लांबट झाली आहेत. गॅरेजवाला म्हणतो, "कुठलंही पाच भोकांचं चाक आणा, बसवून देतो." हे बरोबर आहे का, असे ते विचारतात. प्रश्न लोखंडाचा असला तरी त्यावर माणसांचे जीव अवलंबून आहेत, म्हणून या महिन्याची जागा आम्ही त्याला देत आहोत.

या गाडीशी एक जुना धागाही जोडलेला आहे. १९४५ मध्ये महिंद्रा बंधू आणि मलिक गुलाम मुहम्मद यांनी मिळून जी कंपनी काढली, तिचे नाव होते 'महिंद्रा अँड मोहम्मद'. फाळणीनंतर गुलाम मुहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाले. याच कंपनीने मुंबईत विलिज जीप जुळवायला घेतली आणि आपल्याकडच्या जुन्या जीप त्याच घराण्यातल्या.

आता चाकाकडे वळू. पाच भोके आहेत एवढ्याने चाक जुळत नाही. पाचही भोकांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास जुळावा लागतो. मिस्त्री लोक त्याला पीसीडी म्हणतात. विलिज घराण्यात तो साडेपाच इंच, म्हणजे १३९.७ मिलिमीटर असतो. घरी मोजायचा तर शेजारशेजारच्या दोन स्टडांच्या मध्यांतले अंतर घ्या आणि १.७०१ ने गुणा. अंतर ८२ मिलिमीटरच्या आसपास आले, तर माप जुळले. मात्र इतक्या वर्षांत कुणी अॅक्सल बदललेला असू शकतो, म्हणून नाव ऐकून चाक घेऊ नका. आपल्याच गाडीवर मोजा.

दुसरे माप मधल्या भोकाचे. पुढचा हब मोठा असेल आणि चाकाचे भोक लहान, तर चाक पूर्ण टेकणारच नाही. तिसरे, चाक किती आत बसते ते. फार आत गेले तर स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर पाट्याला किंवा रॉडला घासतो. फार बाहेर आले तर बेअरिंगवर जादा भार पडतो. जिप्सीच्या चाकाची पाच भोकेही याच व्यासावर असतात, म्हणून ते सहज सुचवले जाते. पण जुन्या जीपचा टायर ६.००-१६, तर जिप्सीचा १५ इंची. उंचीत सुमारे दोन इंचांचा फरक पडतो. गाडी एक इंच खाली येते आणि स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवू लागतो. शिवाय ते चाक पेट्यांचा भार पेलेल का, हा प्रश्न उरतोच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या स्वरूपात मनाला येईल तसा बदल करता येत नाही, हेही ध्यानात असू द्या.

मुंबईत कुर्ल्याला किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात चाक मिळाले, तर रंगाला भुलू नका. भोकांभोवतीचा रंग खरवडून पाहा. बारीक चीर, वेल्डिंगची खूण, लांबट भोक यांपैकी काहीही दिसले तर चाक परत करा. हबवर चढवून फिरवा आणि कडेशी पेन्सिल धरा. चाक डगमगते का ते कळेल. रिम दोन भागांची किंवा कडीची असेल, तर हवा पूर्ण काढल्याशिवाय हात लावू नका. सुटलेल्या कडीने माणसे दगावली आहेत. जुन्या रिममध्ये ट्यूब हवीच. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. एकाच अॅक्सलवर एक रेडियल आणि एक जुन्या पद्धतीचा टायर नको.

आणखी एक. बऱ्याच जुन्या जीपच्या डाव्या बाजूच्या स्टडांचे आटे उलटे असतात. टोकावर 'एल' अक्षर दिसले, तर नेहमीच्या दिशेने जोर लावू नका, स्टड तुटेल. नट एकाआड एक आवळा आणि पन्नासेक किलोमीटर चालवल्यावर पुन्हा आवळा.

आता विकणाऱ्या आणि बसवणाऱ्या भावांसाठी. या धंद्यात आपले बरेच लोक आहेत आणि त्यांच्या हाताला कसब आहे. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जाताना धान्याच्या ढिगात हात घालतात, आतले धान्य ओले लागते, आणि ओला माल वर का ठेवला नाही, असे ते व्यापाऱ्याला विचारतात. ही हदीस आपण सर्वांनी ऐकलेली आहे. चिरेवर रंग मारून विकलेले चाक म्हणजे तेच ओले धान्य. फरक इतकाच की धान्याने नुकसान होते. चाकाने घाटात जीव जातो. गिऱ्हाइकाला चीर दाखवा आणि मग भाव सांगा. कमाई थोडी होईल, पण हलाल होईल.

पत्रलेखक बंधूंना आमचे सांगणे असे: १६ इंचांची, एकाच मापाची पाच चाके शोधा, चार लावायला आणि एक स्टेपनीला. मिळेपर्यंत पिकअप अंगणात उभी राहू द्या आणि पेट्यांसाठी भाड्याचा टेम्पो करा. हंगामाच्या चार पैशांसाठी लांबट भोकांच्या चाकांवर घरच्यांना बसवू नका. त्यांचे जीव तुमच्याकडे अमानत आहेत.