पत्र्याचा बाक आणि पावतीवरची ओळ

१ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला जी पहिली एस. टी. निघाली, तिचा रस्ता रांजणगाव आणि शिरूर या गावांवरून घोडनदीपलीकडे जाणारा होता, हे शिरूरकरांना सांगावयास नको. परंतु त्या बेडफर्ड गाडीचे अंग लाकडी होते आणि बैठका काथ्याच्या होत्या, ही गोष्ट वाहनाच्या अंगाशी ज्यांचा रोजचा व्यवहार आहे अशा आमच्या वाचकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्याच्या महिनाभर आधी, ३० एप्रिल रोजी, लँड रोव्हर ही गाडी ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात प्रथम लोकांपुढे आली होती, आणि युद्धोत्तर इंग्लंडात पोलाद शिधापत्रिकेने मिळत असल्याप्रमाणे दुर्मीळ झाल्यामुळे तिच्या अंगावर ‘बर्माब्राइट’ नावाचा मॅग्नेशियमयुक्त ॲल्युमिनियमचा पत्रा चढविण्यात आला होता. तुटवड्यापोटी पत्करलेली ती तडजोड पुढे त्या गाडीचे भूषण ठरली. आपल्याकडेही कालांतराने दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेतून ॲल्युमिनियमने मढविलेल्या, रिव्हेटांच्या ओळी अंगावर वागविणाऱ्या गाड्या बाहेर पडू लागल्या आणि तालुक्या-तालुक्यातील मुलांनी खिडकीबाहेर हात काढून तो पत्रा थोपटला. अलीकडच्या काळात एस. टी. महामंडळाने माइल्ड स्टीलच्या बांधणीकडे मोर्चा वळविला आहे; त्यावरून कोणी ॲल्युमिनियमचे दिवस भरले असा निष्कर्ष काढील तर तो घाईचा होईल. टक्कर सोसणे हे सांगाड्याचे काम आहे, आणि ते काम या धातूच्या पातळ पत्र्यावर सोपवू नये एवढाच त्याचा अर्थ. कातडी म्हणून त्याची योग्यता पूर्वी होती तेवढीच आजही आहे.

आजच्या संपादकीयास निमित्त झाले ते या कातडीचेच. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत दूध वाहणारे टेम्पो, जुन्या जीपगाड्या, शेतमालाच्या पिकअप आणि बंद पेटीच्या छोट्या गाड्या यांची संख्या मोठी आहे, आणि ज्याच्या दारात अशी गाडी उभी आहे त्याच्या घरी ड्रिल, ग्राइंडर आणि वेल्डिंगचे यंत्रही बहुधा असते. गंजून गेलेले बाजूचे पॅनेल स्वतःच्या अंगणात बदलावे अशी हौस अशा माणसास होणे स्वाभाविक आहे, आणि ॲल्युमिनियमकडे त्याचा ओढा का जातो तेही उघड आहे. आठ बाय चार फुटांचा अठरा गेजचा पोलादी पत्रा अठ्ठावीस किलोंच्या आसपास भरतो; तेवढाच ॲल्युमिनियमचा दहा किलोंच्या आत राहतो. ०.८ मिलिमीटर पोलादाला जो ताठपणा असतो तो मिळविण्यासाठी ॲल्युमिनियमची जाडी सुमारे १.२ मिलिमीटर करावी लागते, हा हिशोब मांडला तरीही वजन निम्म्यावर येते. तेव्हा निवड चुकीची नाही. चुकते ते पुढचे, कारण आपल्याकडचा कारागीर, तो हौशी असो की पेशाचा, ॲल्युमिनियमला हलके पोलाद समजून हाताळतो, आणि पोलादाने ज्या सवयी खपवून घेतल्या त्या हा धातू खपवून घेत नाही.

पॅनेलसाठी पत्र्याला बाक देताना दिसणारी पहिली सवय स्क्राइबरने, म्हणजे टोकदार सळईने, रेघ ओढण्याची. पोलादावर ती रेघ उपयोगी पडते. ॲल्युमिनियमवर बाकाच्या बाहेरच्या अंगाला ओढलेला ओरखडा म्हणजे पुढच्या भेगेला दिलेले आमंत्रणच होय. बाकाची खूण स्केचपेनने करावी, आणि स्क्राइबर केवळ जेथून पत्रा कापावयाचा आहे त्या रेषेपुरता राखून ठेवावा.

दुसरी सवय काटकोनी, धारदार बाक मारण्याची. दोन अँगलच्या जबड्यात पत्रा धरावयाचा, सी-क्लॅम्प आवळावयाचे आणि लाकडी ठोकळा ठेवून हातोडीने आपटावयाचे, ही घरगुती पद्धत आम्ही कमी लेखीत नाही. ५० मिलिमीटरचे दोन सरळ अँगल आणि बिजागरीवर फिरणारा तिसरा एवढ्या सामग्रीवर मीटरभर लांबीचा स्वच्छ बाक निघतो. परंतु ज्या अँगलवरून पत्रा वळणार आहे त्याची धार कानशीने गोल केलेली असली पाहिजे, आणि ही गोलाई नजरेने नव्हे तर मोजून ठेवली पाहिजे. बाक घेताना पत्र्याचे बाहेरचे अंग ताणले जाते आणि आतले दाबले जाते; त्रिज्या जितकी लहान तितका बाहेरचा ताण अधिक. हा ताण सोसेनासा झाला की पृष्ठभाग आधी संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत दिसू लागतो, आणि जो डोळस कारागीर त्या क्षणी थांबतो त्याचा पत्रा वाचतो. जो आणखी एक घाव घालतो त्याला बाकाच्या संपूर्ण लांबीवर केसासारखी काळी रेघ मिळते. ती रेघ पुट्टी भरून आणि रंग देऊन झाकता येते, आणि आमच्या बाजारात ती झाकलीही जाते. पण पाबळच्या किंवा पाटसच्या वाटेवर गाडी वर्षभर हादरली म्हणजे झाकलेले सारे उघडे पडते.

तिसरी गोष्ट दिशेची. पत्रा कारखान्यात लाटला जातो तेव्हा त्याचे कण लाटण्याच्या दिशेने लांबतात, आणि पृष्ठभागावर त्या दिशेच्या सूक्ष्म रेघा पत्रा उजेडात तिरका धरल्यास दिसतात. बाकाची रेषा या रेघांना आडवी पडेल अशा रीतीने पत्रा कापला तर तो अधिक सोसतो. पत्र्याची नासाडी वाचावी म्हणून पॅनेल उभे-आडवे कसेही बसविण्याची आपली काटकसर येथे महागात पडते.

मापाच्या बाबतीतही तशीच ढिलाई आहे. ४०० मिलिमीटर रुंदीचे पॅनेल आणि दोन्ही कडांना २५ मिलिमीटरची दुमड पाहिजे म्हणून ४५० मिलिमीटरची पट्टी कापणारे कारागीर आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. दुमडल्यावर पॅनेल चौकटीत बसत नाही, मग दोष अँगलला लावला जातो. १.२ मिलिमीटर पत्रा आणि आतील त्रिज्या २ मिलिमीटर धरली तर नव्वद अंशांच्या बाकात सुमारे ३.९ मिलिमीटर पत्रा जातो, आणि बाहेरून घेतलेल्या मापांच्या बेरजेतून प्रत्येक बाकामागे अडीच मिलिमीटर वजा करावे लागतात. दोन बाकांचे पाच. म्हणून पट्टी ४४५ मिलिमीटर. हे गणित दोन ओळींचे आहे. दौंड हे जंक्शनचे गाव आहे आणि रेल्वेच्या चाकरीत हयात गेलेली माणसे तेथे घरोघर आहेत. कागदावर माप मांडून मगच हत्यार उचलण्याची त्यांची शिस्त शेजारच्या गॅरेजात का उतरू नये, याचे आम्हांस नवल वाटते.

पत्रा सोडल्यावर थोडा परत येतो, आणि ॲल्युमिनियमचा ताठपणा पोलादाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाच असल्यामुळे तेवढ्याच ताकदीच्या पोलादापेक्षा तो अधिक परत येतो; नव्वद हवे असतील तर दोन-चार अंश पुढे जाऊन थांबावे, आणि तो अंदाज तुकड्यावर आधी घ्यावा. जेथे दोन दुमडी कोपऱ्यात मिळतात तेथे आधी एक भोक पाडून ठेवावे, नाहीतर कोपरा फाटतो. एवढे या बाबतीत पुरे.

यानंतर येतो तो साऱ्याच्या मुळाशी असलेला प्रश्न: आपण वाकवीत आहोत तो पत्रा आहे तरी कोणता? मिश्रधातू अंकांनी ओळखले जातात. ११०० हा जवळजवळ शुद्ध आणि मऊ. ३००३ मध्ये मँगनीज असते आणि तो सहज वळतो. ५०५२ मध्ये मॅग्नेशियम असते, तो अधिक ताकदवान असूनही जाडीइतक्या त्रिज्येवर चांगला वळतो, आणि वाहनाच्या अंगासाठी आमच्या मते तोच प्रशस्त. याउलट ६०६१ हा टी ६ अवस्थेतील, म्हणजे उष्णतेच्या प्रक्रियेने कठीण केलेला, पत्रा जाडीच्या तिपटीच्या आसपास त्रिज्या मागतो आणि त्याहून फार कमीत चिरण्याचा धोका असतो. दिसावयास हे सारे सारखेच पांढरे. भंगाराच्या दुकानातून वजनावर आणलेल्या तुकड्यावर नाव-गाव काहीच नसते, आणि तो चिरला म्हणजे ‘ॲल्युमिनियम वाकत नाही’ असा हुकूमनामा निघतो.

चिरणारा पत्रा तापवून नरम करता येतो, हे जाणते सांगतील. पृष्ठभागावर धुण्याचा साबण घासून खालून गॅसची ज्योत फिरवावी, साबण तपकिरी-काळा झाला की थांबावे. साडेतीनशे अंशांच्या आसपासची ती खूण आहे. लोखंडाप्रमाणे तांबडा होण्याची वाट पाहू नये, कारण हा धातू तांबडा न होताच साडेसहाशेच्या सुमारास ओघळतो. मात्र असा नरम केलेला टी ६ पत्रा आपली मूळची ताकद घरच्या अंगणात परत मिळवीत नाही, हे लक्षात ठेवूनच ज्योत पेटवावी.

पॅनेल बसविताना पोलादी चौकट आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये प्रायमरचा थर आणि रबराची पट्टी असावी, स्क्रूखाली नायलॉनचे वॉशर असावेत. दोन धातू ओल्या अवस्थेत एकमेकांस टेकले की झिजतो तो ॲल्युमिनियम. दुधाच्या टेम्पोवाल्यांस आणखी एक सूचना करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. भांडी धुण्याचा कॉस्टिक सोडा या पत्र्यावर सांडू देऊ नये. दुधाने जे पॅनेल वर्षानुवर्षे बिघडत नाही ते सोड्याच्या पाण्याने खाल्ले जाते, कारण हा धातू अल्कलीत विरघळतो. कायद्याविषयी थोडक्यात: मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत दिलेला निकाल लक्षात घेता, मूळ आकाराचे पॅनेल मूळ आकारातच बदलावे, पेटी उंच करणे, मापे वाढविणे हा निराळा मामला आहे, आणि त्यासाठी परिवहन कचेरीची रीतसर परवानगी घेतल्यावाचून हत्यारास हात लावू नये.

आमची मागणी व्यापाऱ्यांकडे आहे आणि ती साधी आहे. पावतीवर ‘ॲल्युमिनियम पत्रा, अठरा गेज’ एवढेच लिहिण्याचा शिरस्ता आता सोडावा आणि मिश्रधातूचा अंक व अवस्था, म्हणजे ‘५०५२, एच ३२’ किंवा ‘३००३, एच १४’, ही एक ओळ तिच्यात घालावी. कारखान्यातून येणाऱ्या मालाबरोबर ही माहिती व्यापाऱ्याच्या दप्तरात आलेलीच असते. ती ग्राहकाच्या हाती देण्यास वेगळा खर्च नाही. आमच्या वाचकांनीही ती ओळ मागून घ्यावी, आणि जो दुकानदार ती लिहिण्यास राजी नसेल त्याच्याकडूनच पत्रा घ्यावयाचा झाला तर कडेच्या दोन पट्ट्या, एक रेघांना आडवी आणि एक रेघांच्या दिशेने, त्याच्या काउंटरवरच कापून मागाव्यात, दुकानातच त्या काटकोनात वाकवून बाहेरचे अंग उजेडात पाहावे, आणि मगच पैसे मोजावेत.