गोळीने झाकलेले दुखणे

एप्रिल २०२५ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने लातूर जिल्ह्यातील चाकूर तालुक्यात, रोहिणा येथे मेफेड्रोनचा कारखाना उघडकीस आणला. अशा बातमीने समाजाला धक्का बसतो, आणि तो बसलाच पाहिजे. परंतु अमली पदार्थ म्हटले की चोरवाटेने येणारी पूड एवढेच चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. परवानाधारक दुकानातून उजळ माथ्याने घरोघरी पोहोचणाऱ्या गोळीकडे संशयाने पाहण्याची कोणालाच गरज वाटत नाही. त्याच जिल्ह्यातील निलंगा तालुक्याने अधिक सावध राहायला हवे ते या दुसऱ्या वाटेबाबत.

निलंगा हा कष्टकऱ्यांचा मुलूख. सोयाबीनची काढणी, तुरीची कापणी, उसाची तोडणी ही सारी कंबर मोडणारी कामे. एक दिवस अंग टाकले तर मजुरी बुडते. मग ‘अंगदुखीची गोळी द्या’ एवढे शब्द पुरतात. चिठ्ठी कोणी मागत नाही. गोळीने पोट जळू लागले की पित्ताची गोळी, रात्री डोळा लागेना की झोपेची गोळी. पहिली गोळी दुखण्यावर असते, पुढच्या साऱ्या पहिल्या गोळीवर!

या गोळ्या निरुपद्रवी आहेत, हा भ्रम आधी दूर व्हायला हवा. अ‍ॅस्पिरिनसारखी औषधे शरीरातील प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यांची निर्मिती रोखून वेदना कमी करतात, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले. डायक्लोफिनॅक व आयबुप्रोफेन यांचीही रीत तीच. पण हीच द्रव्ये जठराच्या अस्तराचे रक्षण करतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळतात. म्हणजे वेदनेबरोबर हे संरक्षणही जाते. मराठवाड्याच्या वैशाखात घामाने शरीरातले पाणी आटलेला मजूर रोज अशी गोळी घेतो, तेव्हा तो मूत्रपिंडच पणाला लावत असतो. पॅरासिटॅमॉल तुलनेने सौम्य. पण सर्दीच्या, तापाच्या आणि अंगदुखीच्या निरनिराळ्या नावांच्या गोळ्यांत तेच दडलेले असते, आणि दिवसाला चार ग्रॅमची मर्यादा ओलांडली तर यकृताची हानी होऊ शकते. डोकेदुखीवर महिन्यातून पंधरा दिवस साधी वेदनाशामके महिनोन्‌महिने घेतली, तर गोळीच डोकेदुखीचे कारण बनू शकते.

तीव्र वेदनाशामकांची गोष्ट आणखी गंभीर. ट्रॅमाडॉल हे अफूवर्गीय औषध आहे. त्याची सवय लागते, अचानक सोडले तर शरीर बंड करते. मार्च २०१४ पासून लागू झालेल्या ‘एच-१’ अनुसूचीत त्याचा समावेश झाला. या अनुसूचीतील औषध विकताना डॉक्टर आणि रुग्ण यांची नावे व विकलेले प्रमाण नोंदवून ती वही तीन वर्षे जपणे दुकानदारावर बंधनकारक आहे. २०१८ मध्ये ट्रॅमाडॉल अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेतही आले. कायदा आहे, नियम आहे, वही आहे. प्रश्न एवढाच की ती वही उघडून पाहणारा अधिकारी तालुक्याच्या गावी किती वेळा फिरकतो?

वहीकडे दुर्लक्ष झाले की काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. मुंबईच्या एका कंपनीच्या पालघर जिल्ह्यातील कारखान्यातून टॅपेन्टाडॉल व कॅरिसोप्रोडॉल यांच्या मिश्रणाच्या गोळ्या पश्चिम आफ्रिकेत जात आणि तेथील तरुणांना व्यसनात लोटत, हे फेब्रुवारी २०२५ मध्ये बीबीसीने उजेडात आणले. त्यानंतर केंद्राने या मिश्रणाच्या उत्पादनाची व निर्यातीची परवानगी काढून घेतली. बाहेरच्यांनी दाखवून दिल्यावर जागे होणे हे शहाणपणाचे लक्षण नव्हे.

यावर ठरलेला युक्तिवाद येतो: गरिबाला डॉक्टर परवडत नाही, गोळी तरी मिळू द्या. वरवर हा कळवळा वाटतो. प्रत्यक्षात ती गरिबाची उपेक्षा आहे. दुखण्याचे निदान श्रीमंताला आणि दुखण्यावर पांघरूण गरिबाला, असा न्याय कोणत्या समाजाला शोभतो? लातुरातच १९६६ मध्ये डॉ. अशोक कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विवेकानंद रुग्णालय उभे केले. मागास भागातील सामान्य माणसालाही योग्य उपचार देता येतात, हे त्या कामाने सिद्ध केले आहे.

एक खडा स्वकीयांच्या ताटातलाही वेचायला हवा. ‘आयुर्वेदिक’ म्हणून सांधेदुखीवर विकल्या जाणाऱ्या बिननावी पुड्यांत स्टेरॉइडची भेसळ आढळते. ही भेसळ आयुर्वेदाचीच बदनामी आहे. स्वदेशीच्या नावाखाली तिला अभय मिळता कामा नये.

वेदनाशामकाला सरसकट शत्रू ठरवणे हाही अविवेकच. कर्करुग्णाला मॉर्फिन मिळावे म्हणून २०१४ मध्ये संसदेने कायदा शिथिल केला, तो योग्यच होता. वर्षानुवर्षे गोळ्या घेणाऱ्यानेही त्या स्वतःहून एकदम तोडू नयेत. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी कराव्यात.

मागणी साधी आहे. अन्न व औषध प्रशासनाने निलंग्यातील ‘एच-१’ वह्या तपासाव्यात, दुकानदाराने चिठ्ठी मागावी, डॉक्टराने गोळीआधी निदान सांगावे. आणि ग्रामसभांनी, बचत गटांनी हा विषय हाती घ्यावा. शरीर दुखते तेव्हा ते काही सांगत असते. त्याचे म्हणणे ऐकायचे की गोळी देऊन त्याचे तोंड बंद करायचे, याचा निर्णय समाजाने वेळीच घ्यायला हवा.