संशयाचा कैवार

गेल्या उत्सवात पालखी देवळात परतल्यावर अग्रशाळेच्या ओसरीवर आम्ही सात-आठ मंडळी बसलो होतो. प्रसादाची जेवणे आटोपली होती, मंडपात 'मृच्छकटिका'ची तयारी चालली होती आणि पडदा वर जायला तासभर अवकाश होता. अशा वेळी बोलण्याला धरबंध राहत नाही. विषय चित्रपटांवर आला. देवस्थानाच्या कार्यात सदैव पुढे असणारे एक वयोवृद्ध गृहस्थ, ज्यांच्या सचोटीविषयी माझ्या मनात आदरच आहे, म्हणाले की हल्लीचे खुनाचे नि गुन्ह्यांचे चित्रपट तरुण मुलांना दाखविणे हे पाप होय. त्यांचा रोख परेश मोकाशी यांच्या 'वाळवी' (२०२३) या मराठी चित्रपटावर होता. नवरा बायकोच्या खुनाचा बेत रचतो आणि लोक हसतात, हे काय पाहावयाचे! दोन-चार माना डोलल्या. पुढे पाचच मिनिटांनी याच गृहस्थांनी 'सिंघम अगेन' (२०२४) या चित्रपटाची मुक्तकंठाने स्तुती केली. नातवंडांना मुद्दाम नेऊन दाखविला, म्हणाले, रामायणच जणू. आणि त्यात दुष्टांना जो मार बसतो त्याविषयी त्यांचा अभिप्राय तीन शब्दांचा होता: "तांकां तशेंच जाय!" पुन्हा माना डोलल्या. या खेपेस जरा अधिकच.

मी गप्प बसलो. वडीलधाऱ्यांशी ओसरीवर वाद घालणे बरे नव्हे, हे एक कारण. नाटकाची पहिली घंटा झाली, हे दुसरे. लेखणीला मात्र ती अडचण नाही. म्हणून येथे स्वच्छ सांगतो, की ज्या चित्रपटापासून मुलांना जपावयाचे तो त्या गृहस्थांनी दाखविला आणि जो निर्धास्तपणे दाखवावयाचा तो निषिद्ध ठरविला.

पुढे जाण्यापूर्वी वाचकांना एक वचन देतो. अलीकडच्या ज्या रहस्यपटांची नावे मी घेणार आहे, त्यांतील एकाचाही शेवट येथे फुटणार नाही. खुनी कोण हे मध्यंतरातच शेजाऱ्याच्या कानात सांगण्यात ज्यांना पुरुषार्थ वाटतो, त्यांच्या पंक्तीस बसण्याची मला हौस नाही. कीर्तनाची गोष्ट वेगळी. सीतेची सुटका होणार हे श्रोत्यास आधीच ठाऊक असते. तेथे गोडी आहे ती कथनाची. रहस्यकथेत गोडी असते न कळण्याची. बाबूराव अर्नाळकरांचा 'झुंजार' पाठ्यपुस्तकात लपवून वाचलेली जी पिढी आज आमच्या देवळांचे कारभार पाहते, तिला हे निराळे सांगावयास नको.

या न कळण्यालाच मी मोठे मोल देतो. चांगला रहस्यपट प्रेक्षकाला खून करावयास शिकवीत नाही. तो त्याला स्वतःच्या निर्णयाचा संशय घ्यावयास शिकवितो. श्रीराम राघवन यांचा 'अंधाधुन' (२०१८) पाहा. पुण्यात राहणारा एक आंधळा पियानोवादक भलत्या घरात भलत्या वेळी जाऊन पोहोचतो, इतकेच सांगतो. पुढे दर वीस मिनिटांनी आपण ज्यावर विश्वास ठेवला तो विश्वास पायाखालून सरकतो, आणि शेवटी काय खरे मानावयाचे यावर जाणती माणसेसुद्धा अद्याप भांडतात. डोळे असलेल्या प्रेक्षकाला आपल्या डोळ्यांची खात्री वाटेनाशी होते. 'वाळवी'ची जात निराळी. ती हसवीत हसवीत अंगावर काटा आणते. पण तेथेही हसणारा प्रेक्षक खुनाला हसत नाही. आपण सर्वांहून शहाणे, आपला बेत बिनचूक, अशा माणसाच्या मस्तीला तो हसतो. नवऱ्याच्या बेताचे कौतुक करून कोणी त्या चित्रपटगृहातून बाहेर पडला असेल असे मला वाटत नाही.

'दृश्यम' (२०१५) तर आपल्या गोव्यातच घडतो. मूळ कथा जीतू जोसेफ यांच्या त्याच नावाच्या मल्याळम चित्रपटाची (२०१३). हिंदी रूप दिले ते निशिकांत कामत या आपल्या मराठी दिग्दर्शकाने, जो २०२० साली अकाली गेला. विजय साळगावकर हा चौथी नापास केबलवाला. घरी बायको, दोन मुली आणि चित्रपट पाहण्याचे अनावर वेड. या घरावर एक संकट येते. त्यातील पणजीचा सत्संग आणि २ ऑक्टोबर ही तारीख यांवरून अजूनही थट्टा चालते. ज्याने चित्रपट पाहिलेला नाही त्याला ती कळत नाही, आणि तेच बरे.

आक्षेपक म्हणतील, की हा चित्रपट कायद्याला चकविणाऱ्याची बाजू घ्यावयास लावतो. खरे आहे, मी नाकारीत नाही. पण ती बाजू तो स्वस्तात घेऊ देत नाही. साळगावकराच्या समोर तब्बूने उभी केलेली मीरा देशमुख आहे. ती पोलीस महानिरीक्षक आहे, आणि आईही आहे. एका घरासाठी आपला जीव टांगणीला लागलेला असतो आणि त्याच क्षणी या दुसऱ्या आईकडे पाहताना मान खाली जाते. कोण बरोबर, याचा निवाडा प्रेक्षकाच्या पदरात टाकला जातो आणि तो त्याला पेलत नाही. नीतीचा विचार याहून दुसरीकडे कोठे सुरू होतो? (अभिषेक पाठक यांच्या 'दृश्यम २' [२०२२] मध्ये युक्ती अधिक आणि वेदना कमी, हे मात्र नमूद केले पाहिजे.)

आता गंमत पाहा. साळगावकर झालेला अजय देवगण हाच चार वर्षांपूर्वी रोहित शेट्टी यांच्या 'सिंघम' (२०११) मध्ये पोलीस अधिकारी होता. त्याची बदली होते तीही आपल्याच कोलव्याच्या ठाण्यावर. तेथे त्याचा हात उगारला गेला की टाळ्यांचा कडकडाट. 'दृश्यम'मध्ये त्याच नटाचे बायकामुलांचे घर पोलिसांच्या चौकशीपुढे थरथर कापू लागले की त्याच प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी. नट तोच, गोवा तोच, खुर्चीतला माणूसही तोच. बदलले ते एवढेच, की एकदा आपल्याला मारणाऱ्याच्या जागी बसविले आणि एकदा मार खाण्याची वेळ ज्याच्यावर आली त्याच्या जागी.

मिरामारच्या ठाण्यावर घडणारा 'सिम्बा' (२०१८) आणि 'सिंघम अगेन' यांच्याबाबतीत माझे वचन पाळणे फार सोपे आहे. या चित्रपटांत लपविण्यासारखा शेवटच नसतो. दुष्ट कोण हे पहिल्या काही प्रसंगांतच त्याच्या कपाळावर लिहून येते. उरलेला वेळ त्याला शासन कधी होते याची वाट पाहण्यात जातो. पुरावा हा वेळकाढूपणा, न्यायालय ही अडगळ आणि वकील म्हणजे दुष्टांचा भाडोत्री. मधल्या पायऱ्या गाळून थेट शेवटच्या पायरीवर उडी मारतो तो नायक. मुंबई उच्च न्यायालयाचे तत्कालीन न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी २०२३ साली एका जाहीर व्याख्यानात 'सिंघम'चे नाव घेऊन सांगितले होते, की अशा चित्रपटांतून जाणारा संदेश फार घातक आहे. त्यावर वर्तमानपत्रांत चार दिवस चर्चा झाली आणि पुढच्या वर्षी आणखी एक 'सिंघम' आला.

मला खरी चीड येते ती रामायणाची. 'सिंघम अगेन'मध्ये पोलिसांच्या मोहिमेशेजारी रामकथेचे प्रसंग मांडले आहेत: पळविलेली पत्नी, लंका, सेना, सारे काही. आमचे भाविक प्रेक्षक तेवढ्यावर भाळतात. परंतु वाचकहो, रामाने लंकेवर शस्त्र उचलण्यापूर्वी अंगदाला शिष्टाईस का पाठविले? रावणाचा अपराध सिद्ध व्हावयाचा उरला होता म्हणून? सीता अशोकवनात होती, हनुमंत तिला डोळ्यांनी पाहून आला होता. तरीही बोलण्याची एक संधी रावणाला दिली गेली. आणि किष्किंधाकांडातील वाली? आडून आलेल्या बाणाने घायाळ होऊन पडलेला तो वानरराज प्रत्यक्ष रामाला जाब विचारतो, आणि रामाला उत्तर द्यावे लागते. त्या उत्तराने सर्वांचे समाधान झाले आहे असेही नाही; आमचे पुराणिक आजही त्यावर घसा कोरडा करतात. पण मरणाऱ्याला प्रश्न विचारण्याचा अधिकार आदिकवीने दिला, आणि मारणारा ईश्वरी अवतार असला तरी त्याला उत्तरातून सुटका दिली नाही. ज्या चित्रपटाला हा प्रसंग सोसत नाही, त्याने रामाचे नाव कशाला घ्यावे?

योगायोग असा, की त्याच २०२४ साली 'किष्किंधा काण्डम्' नावाचा एक मल्याळम चित्रपट आला. दिग्दर्शक दिंजित अय्यथन. जंगलालगतचे एक घर, भोवती माकडे, स्मृती हातातून निसटू लागलेला एक निवृत्त लष्करी गृहस्थ आणि त्याचे हरवलेले पिस्तूल. विजयराघवन यांचे त्यातील काम मी तरी विसरू शकणार नाही. त्यात रामायणाचे देखावे नाहीत, आरोळ्या नाहीत. घरातील माणसे एकमेकांना काय सांगतात आणि काय लपवितात, एवढ्यावर दोन तास मन खिळून राहते; आणि शेवटी त्या घरातील कोणालाही दोष देण्याची घाई होत नाही. नातवंडांना नेण्यासारखा चित्रपट तो होता.

सगळ्याच रहस्यपटांना मी पाठीशी घालीत नाही. निथिलन स्वामिनाथन यांचा तमिळ 'महाराजा' (२०२४) रचनेच्या दृष्टीने थक्क करणारा आहे. एक केशकर्तनकार कचऱ्याचा डबा चोरीस गेल्याची तक्रार घेऊन पोलीस ठाण्यात येतो, ही त्याची सुरुवातच किती अपूर्व! पण रक्तपात पाहताना प्रेक्षागृहात जो आनंद उसळतो, तो पाहून मला अस्वस्थ वाटले. उलट 'वेट्टैयन' (२०२४) हा रजनीकांतचा चित्रपट चकमकफेम अधिकाऱ्यालाच प्रश्न विचारावयास निघतो. नायकाची आरती ओवाळणे त्यालाही सुटलेले नाही, परंतु प्रश्न विचारला हे काय थोडे झाले?

हा सारा पडद्यावरचा खेळ, त्यात एवढे काय मनाला लावून घ्यावयाचे, असे कोणी म्हणेल. हैदराबादचे आपले वाचक तसे म्हणणार नाहीत. २०१९ च्या नोव्हेंबरात त्या शहराजवळ एका तरुण पशुवैद्यक स्त्रीवर अत्याचार होऊन तिची हत्या झाली. ६ डिसेंबरच्या पहाटे चारही संशयित पोलिसांच्या ताब्यात असताना चटनपल्ली येथे गोळ्यांनी मारले गेले. लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. मिठाई वाटली. मीही त्या दिवशी मनातून सुखावलो होतो, हे येथे कबूल केले पाहिजे. पुढे सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालाने म्हटले, की त्या चौघांवर जीव घेण्याच्याच हेतूने गोळ्या झाडल्या गेल्या होत्या आणि चौघांपैकी तिघे त्या वेळी अल्पवयीन होते. खुनी तेच होते काय, याचा निवाडा कोणत्याही न्यायासनापुढे झालाच नाही, आणि आता होणारही नाही. एखाद्या चित्रपटामुळे हे घडले असे मी म्हणत नाही. पण फुले उधळणाऱ्या हातांना टाळ्यांची सवय कोठे लागली, हे विचारावयास नको काय?

त्या रात्रीच्या नाटकाचे सांगावयाचे राहिले. त्याचा शेवट फोडला तरी कोणाचा रसभंग होणार नाही, कारण मंडपातील निम्म्या लोकांना ते पाठ होते. न्यायसभेत सारा पुरावा चारुदत्ताच्या विरुद्ध जातो. विदूषकाच्या काखेतून वसंतसेनेचे दागिनेच खाली पडतात. त्याहून धडधडीत पुरावा तो कोणता? राजाज्ञा होते, चारुदत्ताला वधस्थानाकडे नेतात. पहिल्या रांगेत आमचे ते गृहस्थ उपरण्याने डोळे टिपीत होते. मग वसंतसेना जिवंत येते, कट उघडा पडतो, आणि लोक ज्याचा जीव घ्यावयास निघाले आहेत तो शकार चारुदत्ताच्याच पायांवर लोळण घेतो. चारुदत्त त्याला सोडून द्यावयास सांगतो. मंडपात टाळ्या झाल्या, त्यांत त्या गृहस्थांच्याही होत्या. "तांकां तशेंच जाय" असे त्या वेळी कोणी म्हणाले नाही.