पत्त्यातले गणित

राजाजीनगरला बहिणीकडे गेले, तर पीयूसीच्या पहिल्या वर्षाला असलेली भाची गणिताचे पुस्तक मिटून बसलेली. "मावशी, संबंध, फल, प्रांत, विस्तार, नुसते शब्द! मी गणित सोडते."

मी टेबलावरचे पाकीट उचलले. पत्त्याच्या शेवटी होते ५६००१०.

"तुमच्या घराचे पिन कोड किती?"

"एकच."

"आणि या पिन कोडची घरे?"

"पुष्कळ!"

पत्ता आणि पिन यांच्या जोड्या म्हणजे संबंध. प्रत्येक पत्त्याला एकच पिन, म्हणून हा संबंध फल. उलट मात्र नाही. नुसत्या पिनवरून घर ठरत नाही. सारे पत्ते हा प्रांत, त्यांना मिळालेले पिन हा विस्तार. शून्याने सुरू होणारा पिन नाही, म्हणून अशा संख्या विस्ताराबाहेर.

एकाच नावाची अनेक गावे, त्यामुळे पत्रे चुकत. नावावरून गाव ठरेना, म्हणजे ते फल नव्हते! त्यावर १५ ऑगस्ट १९७२ पासून पिन कोड आला, तो श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्यामुळे. ते संस्कृत कवीही होते.

"म्हणजे कवीलाही गणित लागते?" म्हणत भाचीने पुस्तक उघडले.