प्रयोगशाळेतील कूर्चा आणि सामान्यांचा गुडघा

२०१७ या एकाच वर्षी गुडघ्याशी संबंधित असे दोन सरकारी निर्णय झाले. ऑगस्टमध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने कोबाल्ट-क्रोमियमच्या कृत्रिम गुडघ्याची कमाल किंमत, कर वगळून, ५४,७२० रुपये ठरविली. या निर्णयाचा देशभर गाजावाजा झाला. त्याच वर्षी मुंबईच्या रीग्रो बायोसायन्सेस या कंपनीच्या ‘कार्टिग्रो’ या उपचारास औषध महानियंत्रकांची परवानगी मिळाली. रुग्णाच्याच कूर्चापेशी प्रयोगशाळेत वाढवून त्याच्या सांध्यात परत बसवावयाच्या, असा हा उपचार. धातूचा सांधा अनेकांच्या आटोक्यात आला. जिवंत कूर्चा कोणाच्या आटोक्यात येणार, हा प्रश्न मात्र अनुत्तरितच राहिला.

कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे हाड मोडले तर जुळते, पण कूर्चेची इजा आपोआप भरून येत नाही. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील डॉक्टरांनी २३ रुग्णांवरील आपला अनुभव १९९४ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा या अडचणीवर एक वाट सापडली. सांध्याच्या ज्या भागावर भार पडत नाही तेथून कूर्चेचा लहानसा तुकडा काढावयाचा, त्यातील पेशी काही आठवडे वाढवावयाच्या आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेत त्या जखमेच्या जागी बसवावयाच्या. म्हातारपणी संपूर्ण सांधा झिजला असेल तर हा उपचार कामाचा नाही. तो आहे तरुण वयात, अपघाताने वा खेळताना झालेल्या मर्यादित इजेसाठी. म्हणजे ज्याचे कमावण्याचे दिवस पुढे आहेत त्याच्यासाठी.

नाक आणि कान यांच्या पुनर्रचनेत हीच विद्या अजून बाल्यावस्थेत आहे. बाह्यकर्ण अपुरा घेऊन जन्मलेल्या मुलाला कान घडवून द्यावयाचा तर आज बहुधा त्याच्या बरगडीची कूर्चा काढून कोरावी लागते. बाझेल येथील शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये पाच रुग्णांच्या नाकपुड्या, आणि चीनमधील डॉक्टरांनी २०१८ मध्ये पाच मुलांचे कान, त्यांच्याच पेशींपासून घडविल्याचे जाहीर केले. पाच रुग्णांचा अनुभव आशा वाढवितो; पण त्याच्या बळावर दुकान थाटणे हा गुन्हाच ठरावा. पेशीजन्य उत्पादने ही कायमच ‘नवे औषध’ मानली जातील, असे २०१९ च्या नियमांनी ठरविले ते योग्यच झाले.

खरी अडचण अर्थशास्त्राची आहे. धातूचे सांधे एकाच साच्यातून हजारोंनी निघतात; उत्पादन वाढले की दर नगामागचा खर्च उतरतो आणि म्हणून सरकारला किमतीवर बोट ठेवता येते. येथे प्रत्येक रुग्ण म्हणजे एक स्वतंत्र उत्पादन. त्याच्या पेशी दुसऱ्याच्या कामाच्या नाहीत, त्यांचा साठा करता येत नाही. निर्जंतुक खोल्या, तज्ज्ञ मनुष्यबळ आणि चाचण्या यांचा खर्च मात्र रुग्ण दहा आले काय किंवा शंभर आले काय, जवळजवळ तेवढाच. नुसत्या फर्मानाने किंमत उतरवू गेल्यास उत्पादकच नाहीसा व्हावयाचा.

१७९३ च्या सुमारास पुण्यात एका वीटकऱ्याने कावसजी नामक गाडीवानाचे छाटलेले नाक कपाळाच्या कातडीतून पुन्हा घडविले. १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये त्याचा वृत्तांत छापून आला आणि १८१४ मध्ये डॉ. कार्प्यू यांनी तीच शस्त्रक्रिया लंडनमध्ये केली. त्या विद्येला लागे ते मेणाचा साचा, पाते आणि हातातील कसब. ती वृत्तांत वाचूनही उचलता आली. पेशीसंवर्धनाची विद्या कागदावर सर्वांची असली, तरी निर्जंतुक खोली ज्याची, विद्याही व्यवहारात त्याचीच.

म्हणूनच ती खोली सार्वजनिक मालकीची असण्याला महत्त्व आहे. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने, म्हणजे एका धर्मादाय संस्थेने, भाजलेल्या डोळ्यांसाठी लागणाऱ्या पेशी २००१ पासून प्रयोगशाळेत वाढविल्या. पुढे तेथील डॉक्टरांनीच त्या पेशी थेट डोळ्यावर वाढविण्याची सोपी पद्धत शोधली आणि प्रयोगशाळेचा खर्चच टाळला. आपलेच उत्पादन अनावश्यक ठरविणारे संशोधन नफ्यावर चालणाऱ्या कंपनीकडून कोणी अपेक्षू नये.

सांताक्रूझ पूर्वेस महापालिकेचे वि. ना. देसाई रुग्णालय आहे आणि त्याच उपनगरात, कलिना येथे, मुंबई विद्यापीठाचे विद्यानगरी संकुल. एकीकडे बांधकामावर पडलेला मजूर येतो, दुसरीकडे जीवविज्ञान व जैवतंत्रज्ञान शिकलेले तरुण पदवी घेऊन बाहेर पडतात. विद्यापीठाच्या आवारात एक पेशीसंवर्धन केंद्र उभारून केईएम, शीव, नायर, कूपर व देसाई या रुग्णालयांचे रुग्ण त्याला जोडून दिले, तर स्थिर खर्च अनेकांत वाटला जाईल. खाटा आणि परिचारिका यांचीच वानवा असताना ही चैन कशाला, असा आक्षेप येईल. तो खोटा नाही. पण एकच केंद्र सर्व रुग्णालयांसाठी असावे, असे म्हणण्याचे कारणही तेच आहे. शिवाय भाजलेल्या रुग्णांसाठी त्वचापेशी वाढविण्याचे कामही अशा केंद्रात होऊ शकेल.

पंचविशीतल्या मजुराचा गुडघा निकामी झाला तर एका घराचे तीस-पस्तीस वर्षांचे उत्पन्न धोक्यात येते. केंद्राचा खर्च मांडताना हा तोटाही त्याच पानावर, समोरच्या रकान्यात लिहिला पाहिजे. तो लिहिला नाही, तर हिशेब जुळल्यासारखा दिसेल, पण तो खरा असणार नाही.