तबकडीचा मोठेपणा कशात आहे?

पुण्यात राहणाऱ्या माझ्या मामेभावाने रेकॉर्ड प्लेअर घेतला. ईदला गेलो तेव्हा त्याने एक एलपी लावली आणि म्हणाला, "भाईजान, हा आवाज मोबाईलला जन्मात येणार नाही." मी म्हटलं, बघू या. तेच गाणं मोबाईलवरून त्याच ॲम्प्लिफायरला आणि त्याच स्पीकरला जोडलं, आवाज सारखा केला आणि त्याला पाठमोरं बसवलं. पाचही वेळा त्याने रेकॉर्ड बरोबर ओळखली. कशावरून? खरखरीवरून!

माझा वाद इथेच आहे. दोषाला आपण गुण म्हणू लागलो आहोत. विनाइलची एलपी १९४८ साली आली. तिच्या खाचेत जाड, खर्जाचे स्वर पूर्ण ताकदीने मावत नाहीत. म्हणून ते कमी करून कोरतात आणि वाजवताना पुन्हा वाढवतात. सुई मध्याकडे सरकते तशी प्रत्येक फेऱ्यातली खाच आखूड होते आणि बारीक स्वर फाटू लागतात. सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातलं अंतर सीडीत सुमारे ९६ डेसिबल असतं, चांगल्या एलपीत साधारण ७०. तरीही एखादी एलपी सीडीपेक्षा गोड वाजते, हे मला मान्य आहे. पण ते श्रेय ती मन लावून तयार करणाऱ्या ध्वनितंत्रज्ञाचं, प्लास्टिकचं नव्हे.

आणि जाणकारांचे कान? अमेरिकेतल्या मोबाईल फिडेलिटी कंपनीच्या महागड्या रेकॉर्ड्स 'शुद्ध ॲनालॉग' म्हणून वर्षानुवर्षं नावाजल्या गेल्या. २०२२ मध्ये उघड झालं की त्यांतल्या कित्येक डिजिटल प्रतीवरून बनवल्या होत्या. तोवर त्या कानांना पत्ताही लागला नव्हता.

मग जुन्या तबकड्या भंगारात द्यायच्या? हरगिज नाही! मिरजेचे उस्ताद अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले. आज त्यांचा आवाज आपल्याकडे आहे तो लाखेच्या तबकड्यांमुळेच. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं, वर खरखर. तरी तो सूर काळजाला भिडतो. तबकडीचा मोठेपणा हा आहे: ती गुळगुळीत वाजते म्हणून नव्हे, तिने गेलेल्या माणसाचा गळा जपला म्हणून.

पण लाख हातातून पडली की फुटते. आपल्याकडच्या जुन्या घरांत, ट्रंकेच्या तळाशी कव्वालीच्या, नाट्यगीतांच्या अशा तबकड्या अजून असतील. शौकिनांनो, त्या काचेच्या कपाटात मिरवू नका. आधी त्यांची डिजिटल प्रत करा आणि चार लोकांना द्या. जो आवाज कुणी ऐकत नाही, तो जपला असं कसं म्हणायचं?

धाराशिवच्या माझ्या वर्गात मी खाँसाहेब मोबाईलवरून, छोट्याशा स्पीकरवर ऐकवले. गाणं संपलं तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, एवढंच?"

त्या पोराने खरखरीबद्दल एक शब्दही विचारला नाही.