योगकेंद्र बांधायचंय? मग आधी पाणी मोजा



शाळा उघडून आठवडा होत नाही तोच २१ जून येतो. योग दिनाची चित्रं, निबंध, प्रकल्प सुरू होतात. 'निसर्गाशी मैत्री करणारं योगकेंद्र' असा विषय दिला की बहुतेक वह्यांत एकच इमारत उभी राहते. बांबूच्या भिंती, छतावर सोलर, पुढं हिरवंगार लॉन आणि मधोमध कारंजं. यात मुलांचा काही दोष नाही, जाहिरातींत त्यांना हेच दिसतं. पण आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोल्याचा घाटमाथा सोडला तर, हे चित्र निसर्गाशी मैत्रीचं नाही. पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेड या भागात निवासी योगकेंद्र बांधूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. रोज सकाळी येऊन घरी परतता येईल असं छोटं, गावातलंच केंद्र हवं.

हे मत हवेतलं नाही, पाचवीच्या मुलाला जमेल असं गणित त्यामागं आहे. १ चौरस मीटर छतावर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी मिळतं. छत १०० चौरस मीटरचं आणि वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटर धरा. झाले ५०,००० लिटर. पहिल्या पावसाचं धुवून जाणारं पाणी, गळती, उडून जाणारं पाणी वजा करून ४०,००० लिटर टाकीत आले असं समजू. आता तिथं २० माणसं राहायला आली. जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसामागं रोज ५५ लिटर धरतात. म्हणजे दिवसाला १,१०० लिटर, आणि टाकी ३६ दिवसांत कोरडी! शहरासाठी धरतात ते १३५ लिटर घेतले तर पंधरा दिवसही निघत नाहीत. शहरातून शिबिराला आलेला पाहुणा बादलीत आंघोळ करील, ही आशा सोडून द्या.

पुढं काय होतं ते आपल्याला माहीत आहे. बोअर घ्यायचं, ते आटलं की टँकर. टँकरवर चालणाऱ्या इमारतीच्या भिंती मातीच्या आहेत की सिमेंटच्या, याला मग काय अर्थ उरला? उलट ४० माणसं सकाळी तासभर येऊन गेली, पिण्याला आणि हातपाय धुवायला माणशी ५ लिटर धरले, तर तीच टाकी २०० दिवस पुरते.

आपल्याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं हा हिशोब गावाच्या पातळीवर करून दाखवला. पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली तिथं पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवायची पद्धत रुजली, शेतीसाठी बोअरला आणि ऊस-केळीला बंदी आली. पिकाला जो प्रश्न विचारतो तो इमारतीला का विचारू नये?

आता बांधकामाकडं येऊ. गांधीजी १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला गेले, त्याचंच पुढं सेवाग्राम झालं. तिथल्या कुट्या माती, बांबू आणि देशी कौलांच्या आहेत. वास्तुरचनाकार लॉरी बेकर गांधीजींना भेटले होते. घर पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या साहित्यातून बांधावं, हा गांधीजींचा विचार बेकरांनी आयुष्यभर सांगितला आणि पाळलाही. पण या विचाराची नक्कल करताना आपण गडबड करतो. बांबू विदर्भाच्या जंगलात पाच मैलांत मिळेल, कर्जतला तो ट्रकनं येतो. आपल्या पाच मैलांत काळा दगड आहे, पांढरी माती आहे, कडुनिंब-बाभूळ आहे. आपली जुनी माळवदाची घरं यातूनच उभी राहिली आणि चैत्र-वैशाखात ती किती गार असतात, हे आजीच्या घरी दुपारी झोपलेल्या कुणालाही विचारा.

गंमत म्हणजे हठप्रदीपिकेत योग्याच्या मठाचं वर्णन आहे. छोटं दार, खिडकी नाही, फार उंच नाही, फार ठेंगणं नाही, शेणानं सारवलेलं, बाहेर मांडव आणि विहीर. सगळं अगदी साधं, फक्त खिडकीच्या बाबतीत मी स्वात्मारामांचं ऐकणार नाही! ती एकट्या साधकाची खोली होती, आपल्याला चाळीस जणांचा श्वास सांभाळायचाय.

मग खिडकी कुठं हवी? आपल्या खिडक्या बाकावर बसणाऱ्याच्या उंचीच्या असतात. योगाला माणूस जमिनीवर बसतो, शवासनात तर आडवाच असतो. वारा त्याच्या डोक्यावरून निघून जातो. म्हणून खिडकी जमिनीपासून फूट-दीड फुटावर सुरू व्हावी, जाळी बसवून. इमारतीची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे मोठ्या खिडक्या दक्षिणोत्तर येतात. पश्चिमेची भिंत जाड आणि जवळजवळ बंद, तिच्याबाहेर कडुनिंबांची रांग.

पण सगळ्यात महत्त्वाचं छप्पर. शून्य सावलीचा प्रयोग आपल्यापैकी अनेकांनी केला असेल. मे महिन्याच्या मध्याच्या आसपास आपल्याकडं भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात भिंतींपेक्षा छत जास्त तापतं, आणि नेमकं तिथंच आपण उघडा पत्रा टाकतो. सभामंडप, व्यायामशाळा, शाळेचं शेड, सगळीकडं पत्रा. तो स्वस्त आणि झटपट असतो हे मान्य, पण त्याखाली सकाळी दहानंतर प्राणायाम काय, पाढेसुद्धा होत नाहीत. कौलं आणि खाली लाकडी छत, मध्ये हवा खेळायला जागा, हे चांगलं. तेवढे पैसे नसतील तर आहे त्या पत्र्यावर निदान दर उन्हाळ्याआधी पांढरा चुना तरी मारावा.

माळवदच करा, असं मात्र मी म्हणणार नाही. त्याला दरवर्षी पावसाळ्याआधी माती लागते, वाळवीवर नजर लागते, आणि ते काम जाणणारी माणसं गावात किती उरलीत? ज्या इमारतीची डागडुजी गावातला गवंडी करू शकत नाही ती कितीही पर्यावरणपूरक असो, पाचव्या वर्षी कुलूपबंद होते. म्हणून दगडाच्या भिंती, कौलं, फरशी किंवा शहाबादी, आणि जमिनीखाली टाकी, एवढंच पुरे. लॉन नको. तेवढ्या पाण्यात दहा झाडं जगतात.

आणि जागा? माळरानावर दूर कुठंतरी नको, शाळेच्या आवारातच असावी. पहाटे गावातली मोठी माणसं येतील, नंतर मुलं परिपाठाला बसतील. पावसाळ्यात पोषण आहाराची पंगतही तिथंच बसेल, आज ती व्हरांड्यात बसते आणि पाऊस आडवा आला की मुलं ताटं घेऊन वर्गात पळतात.